लेकीचा विषय मी बदलू दिला न्हाई

हिंगोली तवा परभणी जिल्ह्यातच होती. माझी थोरली लेक पुण्याला एमएस्सी झाली आन् पुढं संशोधनाला लागणार होती. मी तिसरी नापास. जन्मभर शेळ्या-मेंढ्या राखल्या. तरी ती काय शिकली ते मला बराबर सांगता येतं.

त्या सुट्टीत ती घरी आली. जनावराच्या दवाखान्यातला कंपाउंडर चिमटा घेऊन आला होता, आमी बोकडं खच्ची करून राहिलो होतो. तिच्या मायनं आत बोलावलं तरी लेक तिथून हलंना. कंपाउंडर गेल्यावर म्हणाली, "आबा, ज्यांच्या हाताखाली संशोधन करायचं त्या सरांनी तुमची चिठ्ठी मागितली. मी मागते त्या विषयाला घरची हरकत न्हाई म्हणून. न्हाई तर दुसरा विषय देतेत."

"काहून? चोरीचा विषय हाय का?"

तिनं खाली बघून सांगितलं. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, म्हातारपणी तिला कॅन्सर होतो. सरांचं म्हणणं, पोरगी खेड्यातली, उद्या घरचे भांडायला येतील.

तिची माय दारातून म्हणाली, "बापासंगं असं बोलतेत का, बाई? बायांच्या दुखण्याचा घे की."

माझे बी कान तापले होते, खोटं कशाला बोलू. पण मी इचारलं, "त्याच्यात शोधायचं काय?"

लेकीनं बोकडाकडं बोट केलं. "यांचं आत्ता जे केलं, तेच माणसाचं औषधानं करतेत. अंगातला पुरुषी रस बंद झाला की कॅन्सर सुकतो. पण काही वर्षांनी पुन्हा उठतो. काहून उठतो, ते नीट कुणाला ठावं न्हाई."

"उशिरा खच्ची केलेलं बोकड बी खोड सोडत न्हाई," मी म्हणलं. "चढायला बघतंच."

तिनं लगेच वही काढली. किती महिन्याचं बोकड, किती दिवस खोड राहती, सगळं खोदून इचारलं आन् वहीत उतरवलं. माझं बोलणं कुणी वहीत लिहून घेतलं ते पहिल्यांदा.

चिठ्ठी ती लिहिते म्हणाली, मी नुसती सही करायची. मी म्हणलं, न्हाई, मीच लिहिणार. सगळी दुपार गेली. लिहिलं ते असं: पोरीला तोच विषय द्यावा. आमाला लाज न्हाई. भांडायला आलो तर विषय दिला न्हाई म्हणून येईन.

"सरांना असं लिहितेत का?" तिची माय म्हणाली.

"लिहितेत."

विषय मिळाला. दोन स्थळं विषय ऐकून माघारी गेली, जाऊ दिली. तिसऱ्यानं तिचं काम समजून घ्यायला सवाल केले, त्याला दिली. हिंगोली जिल्हा झाल्यावर पुढच्या साली तिच्या नावाआधी डॉक्टर लागलं. आता विद्यापीठात तिच्या हाताखाली पोरं शिकतेत.

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात एकानं खोचक इचारलं, "मग, बरा केला का कॅन्सर तुमच्या लेकीनं?"

"न्हाई केला. शोधून राहिली. तू काय शोधलंस आजवर?"

चारचौघांत मी त्या ग्रंथीची जागा बी सांगतो. माणसं माना खाली घालतेत. पण त्या दिवशी बाजार उठताना त्यातलाच एक हळूच जवळ आला. "दाजी, लघवीला लई तकलीफ हाय. लेकीला इचारता का?"

"ती पेशंट तपासत न्हाई. हिंगोलीला दवाखान्यात चल, मी येतो संगं. आन् तिथं जे हाय ते तोंडानं सांगायचं."

पुढच्या सोमवारी आमी दोघं गेलो. त्यानं सगळं सांगितलं.