तीन पिपल्यांचे फोटो

आमचे विठोबा भावोजी, म्हणजे माझे थोरले दीर, धारला फोटो काढायचे. घराणं आमचं जिनगरांचं. मामंजी दरबारच्या घोड्यांची खोगिरं शिवता शिवता गेले. भावोजींना चामड्याचा वास सोसेना. इंदूरला जाऊन फोटोचं काम शिकून आले आणि आल्याबरोबर दाराला 'दरबारी फोटोग्राफर' म्हणून पाटी लावली. दरबार तेव्हा त्यांना ओळखतसुद्धा नव्हता, कपाळ माझं! पण खरं ते सांगते. बायको गेल्यावर एकुलत्या एका लेकीला, दुर्गेला, त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. वेणी मी घालायची, हट्ट त्यांनी पुरवायचे.

दुर्गेला दिली धारजवळ, तिरल्याकडच्या पिपल्या गावात. जावई चामड्याच्या मोटा शिवायचा, माणूस गरीब गाय. पण संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळापासून गावची विहीर जी आटली ती आटलीच. बायका अर्ध्या कोसावरच्या नाल्यातून पाणी आणायच्या. गावानं नव्या विहिरीसाठी धारला अर्ज केलेला, आणि दुर्गेला दिवस गेलेले. मला म्हणाली, "काकू, मी बाळंत व्हायच्या आत विहीर झाली तर बरं गं. बाळाचं सगळं धुणं डोक्यावरच्या पाण्यावर कसं निभणार?"

त्याच सुमाराला दरबारच्या कचेरीतल्या बळवंतरावांना हौस सुचली, विहिरींचे अर्जही त्यांच्याच हातात. माळव्यात दगड भिरकावला तर एखाद्या पिपल्यात पडतो, इतकी त्या नावाची गावं. तीन पिपल्यांतले रोजचे देखावे टिपायचे आणि दरबारात येणाऱ्या गोऱ्या पाहुण्याला अल्बम नजर करायचा. एक पिपल्या देवासकडचा, एक आपल्या तिरल्याजवळचा, एक धरमपुरीकडचा. काम भावोजींना मिळालं. पाटी खरी झाली म्हणून स्वारी अशी काही शेफारली की विचारू नका!

धरमपुरीवाल्यांचाही विहिरीसाठी अर्ज होता आणि मंजूर एकच व्हायची होती. बळवंतराव म्हणाले, "एवढ्या उन्हात गावं बघत कोण हिंडणार? विठोबाचे फोटो येतातच आहेत, त्यावरून ठरवू." हे दोन्ही गावांना कळलं.

देवासकडच्या पिपल्याला काही मागायचंच नव्हतं, ते माझं माहेर. तिथे न्हावी हजामत करतोय, म्हातारी शेंगा सोलतेय, कुत्रं आडवं पसरलंय, असे सगळे जिवंत फोटो निघाले.

तिरल्याकडे काय झालं ते ऐका. दरबाराचा माणूस येतोय म्हटल्यावर बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली, आणि पहाटे उठून नाल्यावरून घागरी भरून आणल्या. दरबारासमोर रिकामी घागर घेऊन कोण सवाष्ण उभी राहील? अपशकुन तो! सरकार खूश झालं की देईलच विहीर, असा त्यांचा भाबडा हिशेब. सगळ्यांत पुढे आमची दुर्गा, सहाव्या महिन्याची, काठोकाठ भरलेली घागर कमरेवर. भावोजींनी काळ्या कापडात डोकं घातलं आणि म्हणाले, "जरा हसा." त्या कोरड्या विहिरीचाच एक फोटो घ्यावा, हे त्यांना सुचू नये? सुचलं असेल हो. पण कोरड्या विहिरीचा फोटो देखणा येत नाही ना!

धरमपुरीकडचा पटेल मात्र पक्का बेरकी. त्याच्या विहिरीला इतकं पाणी की भावोजी तिथे दोनदा मनसोक्त न्हाले. फोटोच्या वेळी त्यानं घागरी पालथ्या घातल्या, बायकांना जुनेरी नेसवून धुळीत बसवलं आणि हात जोडले, "भिया, हमारो तो रोज को यो ही हाल है." भावोजींनी तोही फोटो काढला. पालथ्या घागरींची रांग फार सुरेख दिसत होती म्हणे.

कचेरीत फोटो मांडले. बळवंतरावांनी क्षणात निकाल दिला, "तिरल्याकडे तर पाण्याची चंगळ दिसते. विहीर धरमपुरीकडे."

भावोजी चाचरत म्हणाले, "सरकार, तसं नाही. उलटं आहे."

"उलटं? म्हणजे तुझे फोटो खोटे? पाहुण्यांना खोटा अल्बम नजर करायचा होतास?"

तिथे दोन शब्द बोलायचे होते. हो, खोटे आहेत, इतकंच. पाटी गेली असती, दुसरं काय? खोगिरं शिवून पोट भरलं असतं. पण तोंडातून निघालं, "नाही सरकार, फोटो खरे आहेत." हे त्यांनीच घरी येऊन सांगितलं, आणि मी हातातली पळी आपटली. म्हटलं, "भावोजी, पोटची पोर आहे ती!" मान खाली घालून जेवले. जेवले मात्र!

धरमपुरीकडे भरल्या विहिरीशेजारी दुसरी विहीर खणायला घेतली. इकडे पुढच्याच महिन्यात नाल्याच्या चढावर दुर्गा घागरीसकट पडली. मूल पोटातच गेलं.

कळल्यावर मी आणि भावोजी बैलगाडीनं गेलो. गावात कुणी रामराम घातला नाही. जावई आम्हाला बघून मागच्या दारानं निघून गेला. दुर्गा भिंतीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नाही. भावोजी तिच्यासमोर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "चुकलो गं बाई," म्हणत राहिले. ती रडली नाही. उठली, रांजणातून तांब्या भरला, आल्या माणसापुढे ठेवतात तसा त्यांच्यापुढे ठेवला. मग रांजणात वाकून बघितलं आणि कोपऱ्यातली चुंबळ घेतली.

मी म्हटलं, "अगं, अशा अंगानं कुठे निघालीस?"

माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. बापाला म्हणाली, "आबा, आता येत जाऊ नका. तुम्ही आलात की मला एक खेप जास्त करावी लागते."