लाकडी बुटांचा कोरस

ग्लेनिस ट्रँटर माझ्या शेजारच्या बाकावर बसून खोगिरं शिवायची. इंग्लंडमधल्या वॉल्सॉल गावच्या त्या कारखान्यात आम्ही सगळ्याच बायका काम करताना गायचो, पण यंत्रांच्या खडखडाटातून आवाज वर निघायचा तो तिचाच. शनिवारी कामगार क्लबात ती गिटार घेऊन उभी राहिली, की पुरुष मंडळी गप्पा थांबवायची.

त्र्याहत्तर साल होतं. गालांना चमकी लावलेले, उंच टाचांचे बूट घातलेले गायक रोज टीव्हीवर दिसत होते. अशात लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीने ग्लेनिसला अल्बमसाठी बोलावलं. खोगिराच्या उरलेल्या चामड्याला चंदेरी रंग देऊन तिने अंगाबरोबर सूट शिवला आणि गेली.

परत आली ती तोंड पाडून.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"माझं गाऊन झालं. पण कोरसला त्यांनी तीन पोरी आणल्यात. इतक्या गोड गातात, की बाळ झोपेल. मी सांगितलं, मी माझ्या बायका आणते."

विनी आमच्यात सगळ्यात थोरली. सुई न थांबवता तिने विचारलं, "कुठल्या बायका?"

"तुम्हीच की."

"मी गायला लागले की माझं कुत्रं अंगणात पळतं, बाई."

"मला तसलाच आवाज हवाय, विनी."

पुढच्या शनिवारी सकाळची पाळी संपवून आम्ही सातजणी तशाच बसने लंडनला निघालो. सँडविच वाटेतच संपले. स्टुडिओत लोमॅक्स नावाचा रेकॉर्डिंगचा मुख्य माणूस होता, मखमली कोटातला, काडीसारखा. त्याने आमच्या पायांकडे पाहिलं. कारखान्याच्या ओल्या फरशीवर वापरायचे लाकडी तळाचे बूट आम्ही बदललेच नव्हते.

"ते काढा. माइकमध्ये खटखट येईल."

"साहेब, जमीन गार आहे," विनी म्हणाली. "या वयात मला सोसायचं नाही."

"राहू दे ना," ग्लेनिस म्हणाली. "एकदा ऐका तरी."

गाणं सुरू झालं. कोरस आला तसं आम्ही ओरडलो आणि पाय काही जागेवर राहिनात. सातजणींनी मिळून असा ठेका धरला की जमीन हादरली. काचेमागे लोमॅक्सने हात वर केला, गाणं थांबलं. आता घरी पाठवतो, असं मला वाटलं.

तो बाहेर आला. "पुन्हा करा," म्हणाला. "या वेळी जास्त जोरात."

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या गाण्यांवर पाय आपटले. पोटऱ्या भरून आल्या, पण हसून हसून पोट त्याहून जास्त दुखत होतं.

वसंतात अल्बम निघाला. मागच्या बाजूला आम्हा सातजणींची नावं छापली होती. विनीचं आडनाव चुकलं होतं, तरी तिने अल्बम चर्चच्या पाद्रीबाबांना नेऊन दाखवला. अल्बम खपाच्या पहिल्या दहांत काही आला नाही, पण त्याच्या जोरावर ग्लेनिस दोन वर्षं जर्मनी, ऑस्ट्रेलिया फिरली. मग लोकांची चमकीची हौस ओसरली आणि कंपनीने दुसरा अल्बम काढला नाही.

ती गावी आली. दौऱ्यांवर गाडी चालवणाऱ्या क्लाइव्हशी तिने लग्न केलं आणि गिटारचे चामडी पट्टे शिवायचं छोटं दुकान टाकलं. शनिवारी क्लबात गातेच.

एकदा दुकानात बसले असताना मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"कशाचं? मला एक अल्बम करायचा होता. केला. आणि तो मला हवा तसाच वाजतो." तिने चहाला पाणी ठेवलं आणि नुकताच शिवलेला पट्टा माझ्या नाकाशी धरला. "वास बघ. कसलं झकास चामडं मिळालंय या खेपेला."