राखून ठेवलेला अंतरा

नाटकमंडळीत मी पंधरा वर्षं सूत्रधार होतो. सोंगं घेणारे सोंगं घेत, पण पदं सारी सूत्रधारानेच गायची. गुडघे उभं राहू देईनात, तेव्हा अमरावतीला बिऱ्हाड केलं आणि गाणं शिकवू लागलो. शिष्य पुष्कळ आले, गळा मात्र एकाचाच. भातकुलीच्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्याच दिवशी मला त्याचा हेवा वाटला. हो, हेवाच. आता लपवून कुणाचं भलं होणार आहे?

आमच्या गुरूंची एक चीज होती. ती माझ्याखेरीज कुणाकडे नव्हती. मी त्याला तिची अस्ताई, म्हणजे पहिला भाग, दिली, पुढचा अंतरा राखून ठेवला. आमच्यात रीतच ती. गुरूंनी मलाही अंतरा शेवटच्या दुखण्यात दिला होता. हा दर गुरुवारी विचारायचा, "बुवा, पुढचं कधी?" मी म्हणायचो, "पुढचं पुढे. एवढी घाई कसली?" झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. रस्त्याने दिवसभर कापसाच्या गाड्या. तंबोऱ्याच्या तारांवरही तंतू येऊन बसत. एक दिवस शिष्य म्हणाला, "बुवा, मी उद्या अकोल्याले जाऊन राहिलो. कापसाच्या अडत्याकडं काम भेटलं."

माझं डोकंच फिरलं. "जा, सरकी चघळ जाऊन! अंतरा काही तुला मिळायचा नाही."

तो गेला. दोन वर्षांनी माझा घसा बसला तो उठलाच नाही. ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, वैद्यही बदलून पाहिले. बोलणं घोगरं उरलं, पण सा लावायला गेलो की नुसती हवा. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी मेलो की अंतराही मेला! शब्द कागदावर उतरतील, चाल कशी उतरवायची? अकोल्याला निरोप धाडला, असशील तसा ये.

बिचारा ऐन हंगामात गाडी जुंपून आला. "काहून बलावलं, बुवा?"

"अंतरा घे," मी म्हणालो. त्याने लगेच खुंटीवरचा तंबोरा उतरवला.

मी शब्द सांगितले. सुरांची नावं सांगितली, बोटांनी हवेत चढउतार दाखवले. तो गायला. सूर सगळे जिथल्या तिथे, पण मधलं ते एक वळण, ज्याच्यासाठी सारी चीज, ते काही येईना.

"नाही," मी म्हणालो.

"मंग असं?"

"अरे नाही रे!"

"तुमीच सांगा ना, कुठं चुकून राहिलो?"

काय सांगू कपाळ? मी मांडीवर मुठी आपटल्या, त्याला गाढव म्हटलं, स्वतःच्या गळ्याला नाही नाही त्या शिव्या दिल्या. तीन दिवस हेच. त्याने ती ओळ नाना तऱ्हांनी म्हटली. एकदाही चिडला नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

तिसऱ्या दुपारी त्याचा गाडीवान बैल जुंपून दारात उभा राहिला. शिष्य घोटभर पाणी प्यायला आणि एक नवीच तऱ्हा गायला. गोड होती. "हे बरोबर हाय काय?"

ताडून पाहायला मी डोळे मिटले आणि गुरूंना आठवलं. गुरूंचा चेहरा दिसला, त्यांचे ओठ हलले, पण त्यांतून निघाली ती याचीच चाल. मग कालची. मग परवाची. सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. देवा रे! खरी कुठली, मलाच कळेना.

"बुवा, बरोबर हाय ना?"

"हो," मी म्हणालो. "हेच."

त्याने माझे दोन्ही हात कपाळाला लावले आणि आनंदाने ढसाढसा रडला. मी खरं बोललो की खोटं, ते मला आजही ठाऊक नाही.