अण्णांचा खळगा

कुणाच्याही घरात शिरताना अण्णा उंबऱ्याच्या आत आधी उजव्या पायाची टाच आपटायचे. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि घरमालकाला सांगायचे, "खाली पोकळ आहे." बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीत त्यांनी परीक्षा न घेतलेली फरशी उरली नव्हती. देवळात गेले तरी तेच. आमचे पुजारी घंटेला दाद देत नसत, पण अण्णांची टाच वाजली की दचकून वर बघत.

आमच्या शेजारचे हे अण्णा पुणे-बेंगळुरू रस्त्यावर ओव्हरसियर होते. मूळचे बेळगावकडचे. घरात मराठी, कामावर कन्नड आणि रागावले की दोन्ही एकदम. रस्ता म्हणजे त्यांच्या लेखी हा एकच. शहरातल्या बाकीच्या रस्त्यांना ते बोळ म्हणत. ह्याच वाटेनं मराठी फौजा खाली आल्या, ह्याच वाटेनं गोऱ्यांच्या पलटणी वर गेल्या, मग निपाणीची तंबाखू आली, कोल्हापूरचा गूळ आला, हे सगळं ते असं सांगत की जणू प्रत्येक वेळी कंदील धरून हेच उभे होते. "आपण इथली मराठी माणसं म्हणजे काय? ह्या रस्त्यानं आणून ओतलेली खडी," असं म्हणून ते खदखदून हसत. माझे वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर. आपल्याला खडी म्हटलेलं त्यांना बिलकुल आवडत नसे.

आणि एक वाक्य तर अण्णांच्या तोंडात बसलेलंच होतं. खडी दाबली, डांबर ओतलं की ते बसायला वेळ द्यावा लागतो, तोवर त्यावर पाय ठेवायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला नियम. तो त्यांनी साऱ्या जगाला लावला होता. शेजारी नवराबायकोचं भांडण झालं, कुणाची नवी सून रुसली, फिल्टरमधून कॉफी खाली उतरत नाही म्हणून आई वैतागली, की अण्णा हात वर करून म्हणायचे, "गडबड कशाला करालाय? स्वल्प बसू दे की."

आता माझ्या लग्नाची गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय अण्णा तुम्हाला कळायचे नाहीत.

माझं आधी ठरलेलं एक लग्न ऐनवेळी मोडलं होतं. मुलाकडच्यांनी कारणही सांगितलं नाही. त्या काळी लग्न मोडलं की लोक मुलीकडेच संशयानं बघत, आणि मी गल्लीतून मान खाली घालून चालत असे. मग अण्णांनी मनावर घेतलं. नागपूरचं चांगलं स्थळ आलं होतं, ते त्यांनी उडवून लावलं. का, तर नागपूर आपल्या रस्त्याला लागत नाही! शेवटी निपाणीचं स्थळ काढलं. मुलगा शाळामास्तर, घर रस्त्याला लागून. "माझ्या भरवशावर द्या," असं ते वडिलांना म्हणाले आणि आमच्या ओटीवर टाच आपटली.

लग्न आमच्याच दारात, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड आदल्या रात्री निपाणीहून खास बस करून निघालं होतं. दुपारी यायचं, ते दुपार कलली तरी आलं नाही. सनई थांबली. भटजी सारखे आभाळाकडे बघू लागले. मांडवातल्या बायका हळू आवाजात बोलत होत्या आणि त्या काय बोलतात ते मला ऐकू न येताही पाठ होतं. वडील फाटकापाशी जाऊन येत होते. अण्णाही कामावरून अजून आले नव्हते. मी हिरव्या शालूत बसून एकच विचार करत होते, की हेही मोडलं तर मी ह्या गल्लीत पुन्हा बाहेर पडणार नाही.

तिकडे काय घडत होतं ते मला पुढे नवऱ्याकडून कळलं. बेंगळुरू तासाभरावर राहिलं असताना, नेलमंगलच्या अलीकडे रस्त्यावर नवं डांबर पडलं होतं आणि रस्ता बंद होता. बंद कुणी केला होता? अण्णांनी! गाड्यांसाठी तळ्याच्या कडेनं कच्ची वाट काढून दिली होती, तिच्यात वऱ्हाडाची बस चाकं बुडेपर्यंत रुतली. मंडळी उतरली आणि थेट गरम डांबराकडे निघाली. अण्णा दोन्ही हात पसरून आडवे आले. नवरदेव असो की मंत्री, पाय ठेवायचा नाही. पलीकडे खडीची रिकामी लॉरी उभी आहे, ती सगळ्यांना मांडवात नेईल, पण तिथवर कडेच्या चरातून चालत जायचं.

चरात गुडघाभर चिखल. आणि नवऱ्या मुलाची आत्या तर हटूनच बसली. मुंडावळ्या बांधून घराबाहेर पडलेला नवरदेव मांडवापर्यंत वाहनावरूनच जातो, पायी जात नाही, त्यांच्या घरात अशी रीत. वाहन नसेल तर माघारी फिरायचं, म्हणाली.

अण्णांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्या रस्त्यावर जायला मोकळीक असलेलं एकच वाहन होतं. वाफेवरचा रोलर.

तर माझा नवरा पीतांबर नेसून, मुंडावळ्या सावरत, डोक्यावर कोळशाचा धूर घेत रोलरवर चढला. ड्रायव्हर कन्नडमध्ये होकार देत "सरी, अण्णा," म्हणाला आणि त्यानं शिट्टी दिली. वाजंत्री नव्हतीच, तेव्हा शिट्टीच वाजत राहिली. वर नवरदेव, खाली चरात धोतरं वर धरून चाललेलं वऱ्हाड. रोलरचा वेग असा की चिखलातली माणसंही पुढे जाऊन थांबत होती. अण्णा रोलरच्या पायरीवर उभे राहून ड्रायव्हरला एकच बजावत होते, की मध्ये थांबायचं नाही. ताज्या डांबरावर रोलर थांबला की चाकाखाली खळगा पडतो, आणि अण्णांच्या साऱ्या नोकरीत त्यांच्या रस्त्याला खळगा पडला नव्हता.

अर्ध्यावर आत्या रुतली. तिचं जोडवंही चिखलात गेलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "अहो रस्तेवाले, मलाबी घ्या की वर."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. नवरा सांगतो, त्यांचा चेहरा त्या क्षणी पोरीला सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव."

दिवेलागणीला खडीची लॉरी आमच्या गल्लीत शिरली. काळ्याकुट्ट तोंडाचं ते वऱ्हाड बघून आईला रडू आणि हसू एकदमच आलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोरच्या माणसाच्या भुवयांवर काजळी होती. मी इतकी हसले की अक्षता तोंडात गेल्या. मागे वळून पाहिलं तर अण्णा मांडवाच्या खांबापाशी टाच आपटून बघत होते.

तो खळगा त्यांनी भरला नाही. वरच्या साहेबानं विचारलं तेव्हा म्हणाले, "राहू दे तो." पुढे दरवर्षी माहेरी येताना नेलमंगलजवळ बस दण्णकन उडायची. बाकीचे प्रवासी सरकारला शिव्या देत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो. मुलं झाली, तीही हसायला लागली.

अण्णा गेल्याचं पत्र आलं त्या वर्षी मला निघता आलं नाही. पुढच्या वर्षी निघालो. मधल्या काळात रस्ता रुंद झाला होता. तुमकूर मागे पडलं तसा नवरा सरसावून बसला, मीही समोरचा दांडा धरला. नेलमंगल आलं. बस लोण्यावरून गेल्यासारखी पुढे निघून गेली.

थोड्या वेळानं नवऱ्यानं चप्पल काढली आणि बसच्या फळीवर हळूच टाच आपटली.