तारखेने मोजलेलं मासिक

आई गेल्यावर तेरावं झालं, माणसं पांगली, तरी मी पुण्याला परतले नाही. दोन महिने कोकणातल्या आचऱ्याच्या घरून काम करते, असं ऑफिसला कळवलं. त्यांनी दोन महिने दिले. त्यानंतर काय, हे वडिलांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं.

आमच्या कंपनीत एक छोटा गट आहे. ग्राफिक्स कार्डावर चालणारं सॉफ्टवेअर तो लिहितो. इस्पितळांतल्या स्कॅनच्या प्रतिमा त्यामुळे झटपट तपासून होतात. त्या गटातली माणसं आपापल्या गावाहून काम करतात. त्यांच्यात एक जागा होती आणि तिला एकच अट होती: महिनाअखेरपर्यंत जीपीयू, म्हणजे त्याच कार्डाच्या, प्रोग्रामिंगचं व्यावसायिक प्रमाणपत्र. ते मिळालं तर मी वडिलांपाशी राहू शकणार होते. नाही मिळालं, तर मी पुण्याच्या खोलीत आणि ते या घरात एकटे. त्यांना बहात्तरावं सरत आलं होतं. गॅस बंद केला का, हे ते तीनदा उठून बघत आणि चौथ्यांदा विसरत.

त्या प्रमाणपत्राची परीक्षा मी आईच्या आजारपणात एकदा पुढे ढकलली होती. पुन्हा ढकलता येत नव्हती. नवा दिवस निवडताना मी फोनवर कॅलेंडर उघडलं, आई गेली त्या तारखेपासून दोन महिने पुढे मोजले आणि मासिक श्राद्धाच्या दोन दिवस आधीचा मंगळवार घेतला. परीक्षा आटोपली की स्वयंपाकाला मी मोकळी, असा हिशेब.

आठवडाभर आधी वडील चष्मा सारखा करत भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी उभे राहिले.

"मंगळवारी मासिक आसा. भटजींका सांगान येतंय."

"मंगळवारी कसं? गुरुवारी ना?"

"गुरुवार तारखेन. तिथीन मंगळवार." वर्गात चुकलेल्या मुलीला सांगावं तितक्याच शांतपणे त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत हेच केलं होतं.

सेकंदाचा लाखावा भाग मोजून मी पगार घेते, आणि आईची तिथी मला मोजता आली नव्हती. तरी वडील रागावले नाहीत. "परीक्षा दी. मासिक माका करूचा आसा, तुका नाय," एवढंच म्हणाले. परीक्षा बढतीची आहे, असा त्यांचा समज होता. मी तो मोडला नाही. आधी सांगून मग नापास झाले असते तर तो भार त्यांच्या अंगावर पडला असता.

तो आठवडा मला नीट झोप लागली नाही. एक विषय सारखा चुकत होता. ग्राफिक्स कार्डात हजारो धागे एकाच वेळी काम करतात. धागा म्हणजे कामाची एकेक वेगळी ओळ. मध्ये एक जागा येते, तिला बॅरियर म्हणतात. गटातले सगळे धागे तिथे पोचल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. ती जागा चुकून एखाद्या 'जर'च्या, म्हणजे अटीच्या, आत लिहिली गेली, तर काही धागे तिथे कधी येतच नाहीत आणि आलेले थांबूनच राहतात. कागदावर हे सोपं आहे. प्रश्नात तो 'जर' तीस ओळींमागे लपलेला असतो, आणि सरावाच्या दर परीक्षेत मी तो ओलांडून पुढे जात होते.

मंगळवारी अकराला बसायचं होतं. नियम कडक होते: खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, दार बंद, नजर स्क्रीनवर. चुकीला ताकीद, तिसऱ्या चुकीला परीक्षा रद्द; कुणाशी बोललं तर थेट रद्द. सकाळीच काकी आली. ही माझी सख्खी चुलती, शेजारच्या घरातली. वडे तळता तळता ती मला ऐकू जाईल अशा बेतानेच बोलत होती.

"आवशीच्या मासिकाक चेडू परीक्षेक बसता. देवान दुसरो दिवस दिलो नाय काय गो तुका?"

"देवान दिलो होतो, काकी. मीच चुकीचो घेतलंय."

"मग पास तरी हो. नायतर ह्याव गेला नि त्याव गेला."

अकराला पाच कमी असताना, कुठल्याशा शहरात बसलेल्या निरीक्षकाने कॅमेरा खोलीभर फिरवायला सांगितलं. पुस्तकं मी आधीच हलवली होती. कॅमेरा भिंतीवर आला आणि स्क्रीनवर ओळ उमटली: भिंतीवर व्यक्तीचं चित्र आहे, ते खोलीबाहेर न्या.

आईचा फोटो होता. हार सकाळीच घातलेला. मी तो खिळ्यावरून काढला आणि दार उघडलं. समोर काकी, हातात वड्यांची परात.

"अगो, ह्या काय? आवशीक भायर काढलंस?"

"परीक्षेत चालत नाही, काकी."

"तुझ्या त्या संगणकाक तुझी आवस बघवत नाय?" तिने परात खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि फोटो माझ्या हातून घेतला. "दी हयसर. माझ्या वांगडा बसतली ती."

दार लावून मी बसले. पहिल्या दहा प्रश्नांत मी कोणती उत्तरं निवडली, ते आजही सांगता येणार नाही. ओठ हलवू नका, अशी पहिली ताकीद तेवढ्यातच आली. कोड वाचताना मी पुटपुटते, लहानपणापासून. मग ओठ दातांखाली धरून वाचू लागले.

तासाभराने मागच्या अंगणात हालचाल झाली. भटजींचे मंत्र संपले होते. वडिलांनी गडग्यावर, कुंपणाच्या दगडी भिंतीवर, पान ठेवलं असणार, कारण त्यांचं "का, का" ऐकू आलं. कावळ्याने घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. स्क्रीनवर नेमका तोच प्रश्न होता. बॅरियर कुठे आहे, तिथे कोण पोचत नाही?

"येवक नाय तो," काकी म्हणाली. "तिच्या मनात कायतरी ऱ्हवला. भावोजी, बोला तिच्याकडे."

खिडकी बंद होती, तरी वडिलांचा आवाज स्वच्छ आला. शाळामास्तरचा आवाज, कमी करायची सवयच नाही.

"चेडवाची काळजी करू नको. तेका मी हय अडकवन ठेवचंय नाय. ह्या महिन्यात पुण्याक धाडतंय. माका काय होवचा नाय. मी एकटो रवान."

मी खुर्चीतून अर्धी उठले. "बाबा, नको," एवढंच ओरडायचं होतं. ओरडले असते तर परीक्षा तिथेच संपली असती आणि त्यांचा शब्द आपोआप खरा झाला असता. मी परत बसले.

"शिवलो! शिवलो!" काकी ओरडली.

दुसरी ताकीद आली: आवाज येत आहेत, खोलीत कोण आहे? मी टंकलं, बाहेर पक्षी आहे. पुढचा शब्द ऐकू आला असता तर सगळं गेलं असतं. पण बाहेर सगळे पानं मांडायला लागले होते, आणि पंगत जेवायला बसण्याआधी घरात असते तशी थोडी शांतता झाली. तीस ओळी मी बोटाने न मोजता, ओठ न हलवता पुन्हा वर गेले. 'जर' सापडला. उरलेले प्रश्न सोडवताना घड्याळाकडे बघायची हिंमत झाली नाही.

निकाल लगेच दिसतो. उत्तीर्ण, असं लिहिलेलं होतं. मी ते चारदा वाचलं आणि मला आनंद झाला नाही. मागल्या दारी कावळा पान विस्कटत होता. त्याला सांगितलेलं एक, आणि मी मिळवलेलं त्याच्या नेमकं उलट.

जेवताना मी निकाल सांगितला नाही. पुढचे चार दिवसही नाही. वडील मधूनमधून विचारत, रेल्वेचं तिकीट काढलंस का, आणि मी बघते म्हणत असे. पाचव्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं. संध्याकाळी ते ओटीवर बसले होते तिथे जाऊन मी सगळं सांगितलं: परीक्षा कशासाठी होती, नवा गट, आता मी इथूनच काम करणार.

त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"मी तिका शब्द दिलंय," ते म्हणाले.

"ऐकलं मी."

"कावळो शिवलो."

"तुम्ही दिलात शब्द, बाबा. मी नाही दिला."

"तिका आता काय सांगू?"

कावळ्यावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला धड सांगता आलं नसतं. त्या क्षणी मात्र मला तो गडग्यावर बसलेला दिसत होता आणि भीती वाटत होती. मी त्यांच्याशेजारी बसले.

मग त्यांनी विचारलं, "सकाळी कामाक किती वाजता बसतलंस?"

"नवाला."

"मगे आठाक पेज करूक व्हयी," ते म्हणाले आणि तांदळाचा डबा बघायला आत गेले.