भागवतदाजींची दातमोजणी

"आईच्या हनुवटीला हात लावलात तुमी!"

"हात न्हाई, दोन बोटं. अन् ती बी शास्त्रासाठी."

"कोनतं शास्त्र म्हनतं, सासूचं तोंड उघडून बघा?"

"कोनतंच म्हनत न्हाई, राजेश्री, तीच तर बोंब हाय! दोन हजार वर्सं झाली, कुनी उघडूनच बघितलं न्हाई!"

राणीसावरगावात आमच्या अंगणात ताई आणि दाजींचं हे चाललं होतं, तेव्हा आई आत चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली होती आणि बाबा शेळ्यांकडं तोंड करून हसत होते. जावयासमोर हसायचं नाही, एवढी रीत ते पाळतात.

भागवतदाजी सेलूच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. तासावर. वर्गात तिघं असतात, त्यातला एक मोबाइल चार्ज करायला येतो. दाजींची पीएचडी त्यांच्या लग्नाहून जुनी आहे आणि अजून चालूच आहे. विषय, ॲरिस्टॉटलच्या प्राणिविचाराचा नंतरच्या पंडितांवर पडलेला प्रभाव. हे ॲरिस्टॉटल ताईच्या घरात सासऱ्यासारखे राहतात. त्यांच्यामुळं टीव्हीचा आवाज बारीक, पाहुणे ओट्यावरूनच परत. भाची दीपिका लहानपणी त्यांना बाबांचे आजोबा समजायची.

तर या आजोबांनी लिहून ठेवलं की, पुरुषांना बायकांपेक्षा जास्त दात असतात. माणसांतच नाही, मेंढ्या, शेळ्या, डुकरांतसुद्धा. एवढा मोठा माणूस म्हणतो म्हणून पुढच्या कित्येक पंडितांनी माना डोलावल्या. त्यांच्यानंतरचे पोट धरून हसले. दाजींनी दोघांचीही यथेच्छ टिंगल करत चौथं प्रकरण लिहिलं. मार्गदर्शक सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही मोजले का?"

मोजले नव्हते. प्रबंध द्यायची मुदत याच महिन्यात संपत होती. ती चुकली की नोंदणी रद्द, आणि कायम नोकरीची आशाही गेली. म्हणून सासुरवाडी. इथं शेळ्याही आहेत आणि बायकाही.

सकाळी शेळ्यांपासून सुरुवात झाली. बाबा खुशीत. एका हातानं शेळीची हनुवटी धरायची, अंगठ्यानं ओठ खाली दाबायचा, दातांवरून वय कळतं. "ही बघा जावईबापू, दोन दाती. ही चार दाती. हिचे सगळे आले, आता हिला बाजार दाखवायचा."

"अन् दाढा?"

"दाढा कोन मोजतंय? गिऱ्हाईक का तोंडात शिरून बसतंय?"

दाजींचा हात बसला. नको इतका बसला. चुलीपाशी आई दिसली तसे ते मोबाइलची बत्ती लावून त्याच झोकात आत गेले, तशीच हनुवटी धरली, अंगठा ओठावर ठेवला आणि म्हणाले, "मामी, आ करा."

आमच्याकडं तोंड उघडून दात बघतात ते विकायला काढलेल्या जनावराचे. आई जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. तिचे मिश्रीनं काळे झालेले दात बाबांनीही कधी उजेडात बघितले नसतील. तिनं दाजींचा हात झटकला. "मला कोन्या बाजाराला न्यायलात, जावई?"

तिथून भांडण अंगणात आलं.

"मग तू तरी आ कर," दाजी ताईला म्हणाले. मोबाइलची बत्ती अजून चालूच होती. "तुझे मोजतो, माझे मोजतो, प्रकरण संपलं. नोकरीचा सवाल हाय, राजेश्री."

"त्या ॲरिस्टॉटलबाबाला कामून हसायलात तुमी? घरात बायको असून तिचं तोंड बघितलं न्हाई म्हनूनच ना?"

"हसायलोच की!"

"तुमी बघितलं?"

"रोज बघतो."

"मग सांगा. माझी दाढ काढली, ती कोन्या बाजूची?"

दाजींनी बत्ती खाली केली. "दाढ? कधी काढली?"

"बाबा, दिवाळीच्या आधी," ओट्यावरून दीपिका बोलली. "आई रडायली होती. तुमी म्हनलात, दार लावून घ्या, प्रकरण रंगात आलंय."

ताई थांबली. खरंच थांबली. लय दुखलं का गं, एवढं जरी दाजींनी विचारलं असतं, तरी तिनं बहुतेक तिथंच आ केला असता.

दाजींच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. "म्हंजे एक कमीच भरतो! थांब, थांब. त्या काळी बी बायकांच्या दाढा दुखल्या असतील, बाळंतपणात दात पडले असतील... राजेश्री, त्यानं मोजले असतील गं! मोजूनच लिहिलं असंल! अन् हसनारे समदे गाढव!" त्यांनी खिशातून पेन काढलं. कागद सापडेना, मग तळहातावरच टेकवलं. "डावी का उजवी? वरची का खालची? सांग की!"

ताईनं कुडाला लावलेली काठी उचलली, फाटक उघडलं, शेळ्या पुढं घातल्या आणि तोंड घट्ट मिटून शिवाराच्या वाटेला लागली.