माजघरातून आलेलं उत्तर

पोरांनो, भुलाबाई म्हणजे काय, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत, आणि आज कोजागिरीच आहे, म्हणून हे लिहिते. भुलाबाई म्हणजे पार्वती; दारव्ह्याला आमच्या अंगणात तिची मातीची मूर्ती मांडून आम्ही मुली कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणायचो आणि शेवटी घरातलं कुणीतरी झाकलेला डबा खुळखुळवून आतला खाऊ आम्हाला ओळखायला लावायचं. मी लहान असताना एका वर्षी माझी धाकटी काकू नुकतीच विधवा झाली होती. विशीतली पोर, पण तिला माजघराबाहेर यायची बंदी होती. एका संध्याकाळी खाऊ ओळखताना आम्ही सगळ्या हरलो, तेवढ्यात आतून आवाज आला, "पोरीहो, फुटाणे अन् गूळ हाये!" उत्तर बरोबर निघालं आणि काकू खळखळून हसली. आजी ताडकन उठली. "नवरा खाऊन पोट नाई भरलं काय वं तुयं?" काकू दारात आली. तिचे डोळे वाहत होते. "नाई भरलं, आत्याबाई. मले त्यायची लय आठवण येते, अन् मले हासूबी येते." आजीनं तिला आत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि आम्हाला म्हणाली, "म्हना गानं." आम्ही म्हटलं. काकू त्यानंतर त्या घरात मोठ्यानं कधी बोलली नाही. आता आजी नाही, काकूही नाही. तिचं ते दारातलं बोलणं मात्र मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.